विश्लेषण : चिंचोका वर्षभर टिकतो, मग जांभळाचे बी पंधरवड्यात का मरते?

रिसोड तालुक्यातील रिठद आणि आसपासच्या गावांत बी वाळवणे कुणाला शिकवावे लागत नाही. सोयाबीनचे घरचे बियाणे मळणीनंतर ताडपत्रीवर पातळ पसरायचे, हलके ऊन द्यायचे, दाताखाली कटकन तुटले की पोत्यात भरायचे आणि पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवायची. तूर, हरभरा, ज्वारी सगळ्यांना हाच न्याय. ओलसर बी बुरशीचे आणि वाळलेले बी पेरणीचे, हे इथले व्यवहारज्ञान आहे. पिकांपुरते ते पूर्ण खरेही आहे.

अडचण जून महिन्यात सुरू होते. जांभळे खाऊन झाली की बिया धुऊन गच्चीवर किंवा पत्र्यावर टाकल्या जातात. बऱ्याच घरांत त्या मधुमेहाच्या चूर्णासाठी असतात. त्यातलीच मूठभर शाळेच्या बीसंकलनात किंवा सीडबॉलच्या उपक्रमात जाते. आंब्याच्या कोयींचेही तेच. खडखडीत वाळलेल्या, वजनाला हलक्या, हाताळायला सोप्या अशा या बिया जुलैत मोठ्या उत्साहाने मातीत जातात आणि उगवत नाहीत. मग दोष पावसाला, जमिनीला किंवा उंदरांना दिला जातो. प्रत्यक्षात त्या बिया पेरण्याआधीच मेलेल्या असतात आणि त्यांना मारलेले असते ते वाळवण्याच्या काळजीनेच.

बियांचे दोन स्वभाव

इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाचे शास्त्रज्ञ एरिक रॉबर्ट्स यांनी १९७३ मध्ये बियांची साठवणुकीच्या दृष्टीने दोन गटांत विभागणी केली. जे बी वाळवले आणि थंड ठेवले की अधिक काळ जगते ते ‘ऑर्थोडॉक्स’. जे बी वाळवले की मरते ते ‘रिकॅल्सिट्रंट’, म्हणजे ऐकून न घेणारे, हट्टी. पुढे १९९० मध्ये कॉफीच्या बीवरील प्रयोगांतून एक मधला गटही मान्य झाला. हे बी काही प्रमाणात वाळवणे सोसते, पण फार वाळवले किंवा गारठ्यात ठेवले की मान टाकते.

‘हट्टी’ हे नाव तसे अन्यायाचेच. जांभळाचे बी हट्टी नाही, ते घाईत आहे. मातीत पडल्याबरोबर उगवायचे एवढेच त्याला ठाऊक आहे. थांबून राहण्याची सोय त्याच्यात नाही.

आपल्याकडील ओळखीच्या झाडांपैकी चिंच, बोर, आवळा आणि सीताफळ वाळवणे सोसणाऱ्या गटात येतात. आंबा, जांभूळ, फणस आणि मोह वाळवले की मरणाऱ्या गटात. कडुनिंब फळझाड म्हणून लावत नाहीत, पण त्याच्या बीबद्दल संशोधकांतच दीर्घ काळ मतभेद राहिले. कुणाला ते महिनोन्महिने टिकलेले आढळले, तर कुणाला काही आठवड्यांत संपलेले. आता त्याला बहुतेक वेळा मधल्या गटात धरतात.

जगभरातील बीजधारी वनस्पतींपैकी वाळवणे न सोसणाऱ्या सुमारे ८ टक्के असाव्यात, असा अंदाज २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आकडा छोटा वाटतो. पण विदर्भातील एखाद्या गावाने सावली, फळ आणि लाकूड यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या झाडांची यादी केली, तर त्यात आंबा, जांभूळ आणि मोह वरच्या ओळीतच येतात. म्हणजे जगाच्या हिशेबात अपवाद असलेले बी इथे नेहमीचेच आहे.

फळ कधी पिकते, ते पाहा

कोणते बी कोणत्या गटातले हे पाठ करण्याची गरज नाही. फळ कोणत्या महिन्यात पिकते ते पाहिले तरी बरेच उलगडते. सीताफळ दिवाळीच्या सुमारास पिकते. आवळा आणि बोर हिवाळ्यात, चिंच त्यानंतर उन्हाळ्याच्या तोंडाशी. या झाडांचे बी जमिनीवर पडते तेव्हा पुढचा मोठा पाऊस कित्येक महिने दूर असतो. एवढा काळ कोरड्या मातीत, वाशीमच्या मे महिन्यातील चाळिशीपार उन्हात काढायचा, तर बीला कोरडे पडूनही जिवंत राहता आले पाहिजे. ज्यांना ते जमले नाही त्यांचा वंश इथे टिकला नसता.

जांभूळ आणि मोहाचे फळ पिकते ते मृगाच्या आगेमागे. आंब्याचा पाडही पावसाच्या तोंडावरच. बी खाली पडते आणि पाऊस येतो. वाट पाहायचीच नसेल तर वाळून टिकण्याची यंत्रणा कशाला उभी करायची? त्याऐवजी हे झाड आपली सगळी शिदोरी मोठ्या, गरदार, पाण्याने भरलेल्या बीत ठेवते आणि रोप झटपट वर काढते. ताज्या जांभळाच्या बीचे साधारण निम्मे वजन पाण्याचेच असते.

हा नियम ठोकळ आहे, त्याला अपवाद निघतील. पण सहावीतल्या मुलालाही लक्षात राहील असा आहे आणि रोपवाटिकेच्या तक्त्यापेक्षा तो अधिक उपयोगी पडतो.

बीच्या आत काय घडते?

चिंचोका किंवा सीताफळाचे बी फळ पक्व होतानाच, झाडावर असतानाच कोरडे होण्याची तयारी करते. पेशींत विशिष्ट शर्करा साठतात, संरक्षक प्रथिने तयार होतात. पाणी कमी होत जाते तसा पेशीतला द्रव घट्ट होत होत जवळजवळ काचेसारखा होतो. त्या स्थितीत श्वसन नाममात्र उरते, पेशीपटल जागेवर राहतात आणि बी झोपी जाते. पाणी मिळाले की काच विरघळते आणि कामकाज पुन्हा सुरू होते.

जांभळाच्या किंवा आंब्याच्या बीत ही तयारी अपुरी असते. ते झाडावरून पडते तेव्हा त्याचे श्वसन जोरात सुरू असते, किंबहुना उगवण्याची पहिली पावले पडलेली असतात. अशा बीतले पाणी उडाले की पेशीपटल फाटतात, प्रथिने एकमेकांना चिकटतात, आतली रसायने सैरभैर होतात. नंतर कितीही पाणी घातले तरी ते सांधत नाही. भिजवलेले मेलेले बी फुगते आणि फुगलेले बी पाहून माणसाला आशा वाटते. दोन आठवड्यांनी हात घातला की कुजलेला लगदा लागतो.

दुसऱ्या बाजूला, वाळवणे सोसणाऱ्या बीला कोरडेपणाचा फायदा किती मोठा आहे तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकी बीजतज्ज्ञ हॅरिंग्टन यांचा एक ठोकताळा आजही शिकवला जातो. बीतील ओलावा ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान असताना तो एका टक्क्याने कमी केला की साठवणुकीचे आयुष्य सुमारे दुप्पट होते. म्हणजे १२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणले, तर हिशेबाने सोळा पट. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्यात १२ टक्क्यांहून अधिक ओलावा चालत नाही, त्यामागे हाच विचार आहे. हाच ठोकताळा जांभळाला लावणे म्हणजे मासा टिकावा म्हणून त्याला जिवंतपणीच उन्हात घालणे.

मग फ्रिजमध्ये ठेवले तर? तेही नाही. आंबा आणि फणस यांसारख्या उष्ण प्रदेशातील बियांना गारठाही बाधतो. आणि प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवले तर श्वास घेणारे बी गुदमरते, पाणी सुटते, बुरशी येते. या बियांना ओल हवी आणि हवाही हवी. ती मिळतील अशी जागा म्हणजे ओलसर वाळू, लाकडाचा भुसा किंवा नारळाचा भुगा. तिथेही मुक्काम आठ-पंधरा दिवसांचाच.

पावसाळ्याच्या तोंडावर उकिरड्यात रुजलेली कोय उपटून तिची पिपाणी वाजवलेल्या पिढीला हे शास्त्र वेगळ्या भाषेत माहीत आहे. कोय पत्र्यावर उगवत नाही, उकिरड्यातच उगवते. तिथे ओल असते, ऊब असते आणि कुणी तिला वाळवत नाही.

सीडबॉलचा उत्साह आणि चुकलेली यादी

माती आणि शेणखताच्या गोळ्यात बी भरून ते पावसाआधी माळावर टाकण्याची पद्धत जपानी शेतकरी मासानोबु फुकुओका यांच्यामुळे जगभर पोहोचली. त्यांनी ती प्रामुख्याने भात आणि भाज्या अशा वाळवलेल्या बियांसाठी वापरली. आपल्याकडे गोळे एप्रिल-मे महिन्यात वळले जातात, सावलीत वाळवले जातात आणि पहिल्या पावसाची वाट पाहत पोत्यांत पडून राहतात. बोर, सीताफळ, चिंच यांच्यासाठी हे चालून जाते. जांभळासाठी आणि मोहासाठी मात्र तो गोळा म्हणजे थडगे ठरतो, कारण वाळणारी माती बीतले पाणीही शोषून घेते.

शिवाय मे महिन्याच्या गोळ्यात जांभळाचे बी आले कुठून, हाही प्रश्न आहेच. जांभूळ तर जूनमध्ये पिकते. याचा अर्थ ते बी गेल्या वर्षीचे आहे, म्हणजे चूर्णाच्याच कामाचे.

अशा उपक्रमांना नावे ठेवण्याचे कारण नाही. मुलांच्या हाताला माती लागते, हा लाभ लहान नाही. पण किती हजार गोळे केले याचा आकडा फलकावर येतो आणि किती उगवले याची नोंद कुणी ठेवत नाही, ही सवय वाईट आहे. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या, पंचनामे झाले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. पेरलेले उगवलेच पाहिजे, असा शेतकऱ्याचा आग्रह पिकाबाबत असतो. झाडाबाबत मात्र टाकले एवढ्यावरच सगळ्यांचे समाधान होते.

वृक्षलागवडीच्या सरकारी वेळापत्रकालाही हे लागू आहे. १ जुलै २०१६ रोजी राज्यात एका दिवसात दोन कोटी झाडांचे लक्ष्य होते. त्यानंतर २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत अनुक्रमे चार, तेरा आणि तेहतीस, असे मिळून ५० कोटींचे. जुलैचा पहिला आठवडा तयार रोपे लावण्यासाठी योग्यच आहे. पण त्या दिवशी लावायचे जांभळाचे रोप हवे असेल, तर त्याचे बी आदल्या वर्षीच्या जूनमध्ये, पडल्यापासून आठवडाभरात पिशवीत गेलेले असायला हवे. ती खिडकी हुकली की रोपवाटिकेकडे जे बी साठून राहते त्याचीच रोपे होतात. देशी फळझाडांची मागणी करूनही हाती दुसरेच काही का येते, त्याचे एक कारण इथे आहे. निधी आणि इच्छा असूनही बी वेळेवर नसते.

जे पेढीत ठेवता येत नाही

विषय एवढाच असता तर तो रोपवाटिकेच्या तंत्राचा म्हणून सोडून देता आला असता. पण यात त्याहून मोठी गोष्ट गुंतलेली आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील राहीबाई पोपेरे यांच्या देशी बियाणे बँकेमुळे घरोघरचे वाण जपण्याची कल्पना महाराष्ट्रात रुजली. त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. वाल, भात, भाज्या यांचे बी वाळवून, मडक्यात राख घालून ठेवता येते. दिल्लीतील राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या जनुकपेढीत चार लाखांहून अधिक नमुने आहेत. ते वाळवून उणे १८ अंशांच्या आसपास ठेवले जातात. या ब्युरोचे एक प्रादेशिक केंद्र शेजारच्या अकोल्यातच आहे. नॉर्वेतील स्वालबार्डच्या बर्फाखाली २००८ मध्ये उघडलेल्या जागतिक तिजोरीचे तत्त्वही तेच : वाळवा, गोठवा, जपा.

रिठदच्या धुऱ्यावरचा जुना रायवळ आंबा यांपैकी कुठल्याही तिजोरीत बीच्या रूपाने बसत नाही. त्याची कोय वाळवली की मेली, गोठवली की मेली. प्रयोगशाळेत बीतला इवलासा अंकुराक्ष काढून, झटकन वाळवून, उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवण्याचे तंत्र आहे. पण ते खर्चिक आहे, प्रत्येक जातीला वेगळे जमवावे लागते आणि गावोगावच्या हजारो झाडांसाठी ते होणार नाही. ऊतक वाढवून किंवा प्रक्षेत्रावर झाडे लावूनच अशा जाती राखतात. म्हणजे शेवटी झाड हीच पेढी.

कोयीपासून वाढलेला प्रत्येक रायवळ आंबा वेगळा असतो, म्हणून तर गावे झाडांना नावे देत : खोबऱ्या, साखऱ्या, शेंद्र्या, गोटी. एक लोणच्याला, एक रसाला, एक नुसता चोखायला. असे झाड रस्तारुंदीकरणात किंवा धुऱ्याच्या वाटणीत गेले आणि त्याच्या कोयी त्या वर्षी कुणी लावल्या नाहीत किंवा कलमासाठी काडी घेतली नाही, तर तो आंबा कायमचा गेला. सोयाबीनचे जुने वाण कुठल्या तरी पेढीतून पुन्हा मागवता येते, खोबऱ्या आंबा नाही. (कोय लावली तरी मिळते ते त्याचे लेकरू. हुबेहूब तोच आंबा हवा असेल तर कलमच करावे लागते. जांभळाच्या एका बीतून मात्र दोन-तीन रोपे निघतात आणि त्यातली काही मूळ झाडाच्याच वळणाची असू शकतात.)

गंमत अशी की आंबा, जांभूळ, मोह, फणस ही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. ती तोडायला परवानगी लागते. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बीजशास्त्र नसावे, पण यादी योग्य निघाली. पाळली किती जाते, हा वेगळा विषय.

गावाला करता येण्यासारखे

जैवविविधता अधिनियम २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. या नोंदवहीत झाडाचे नाव लिहून थांबण्याऐवजी त्यापुढे दोन रकाने वाढवता येतील : फळ कोणत्या आठवड्यात पडते आणि बी वाळवणे सोसते का. एवढ्याने गावाचे स्वतःचे बीसंकलनाचे वेळापत्रक तयार होईल. रोजगार हमीतून रोपवाटिकेची कामे घेता येतात. तालुक्यातच करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, शंका विचारायला फार लांब जावे लागत नाही.

जांभळासाठी करायचे काम थोडे आहे. पूर्ण पिकलेली फळे घ्यावीत, गर काढून बी धुवावे आणि वरचे पाणी निथळेपर्यंत, फक्त काही तास, सावलीत ठेवावे. त्याच दिवशी किंवा दोन-चार दिवसांत पिशवीत लावावे. दूर न्यायचे असेल तर ओल्या गोणपाटात न्यावे. बी जिवंत आहे का अशी शंका आली तर एक-दोन कापून पाहावीत. आतला गर टणक, ओलसर असेल तर ठीक. आक्रसून टरफलापासून सुटलेला आणि काळपट असेल तर उरलेल्यांवर वेळ घालवू नये. आंब्याची कोय लावताना बाहेरचे कवच कात्रीने अलगद उघडून आतले बी लावले तर उगवण लवकर आणि सरळ होते. भुंग्याने पोखरलेली कोयही तेव्हाच वेगळी काढता येते.

वाळवणे सोसणाऱ्या बियांनाही शिस्त लागतेच. मे महिन्यातल्या तापलेल्या पत्र्यावर किंवा सिमेंटच्या गच्चीवर ओले बी टाकले तर सीताफळाचेही नुकसान होते. पातळ थर, सावली आणि वाहती हवा पुरेशी आहे. नंतर घट्ट झाकणाचा डबा. चिंचोका पेरण्याआधी गरम पाण्यात रात्रभर भिजवावा लागतो आणि बोराची आठळी फोडावी लागते, कारण तिथे अडचण कोरडेपणाची नसून कठीण कवचाची आहे. आवळ्याबाबत तर ऊन मदतच करते. गर काढलेल्या आठळ्या उन्हात वाळल्या की आपोआप तडकतात आणि आतल्या बिया बाहेर पडतात.

सोयाबीनसाठी गोणपाटावर १०० दाणे मोजून ७० उगवले का हे पाहण्याची चाचणी कृषी विभागाने गावोगावी पोहोचवली आहे. चिंच, सीताफळ आणि बोरासाठी ती मार्च-एप्रिलमध्ये, शाळा सुरू असतानाच मुलांकडून करून घेता येईल. जांभळाला चाचणीएवढाही धीर नाही. ते मृगात पडते, त्याची पिशवी आर्द्रा संपायच्या आत भरलेली हवी. सीताफळाचा डबा तोवर फळीवर राहिला तरी चालतो.